पोटमाळ्यावरची अमानत

वडील जातात, चाळिसावा होतो आणि मग घराचा विषय निघतो. कोणाचा हिस्सा किती, गिऱ्हाईक कोण, भाव काय, कागद कोणाच्या नावावर, या गोष्टींची चर्चा आपल्या समाजात भरपूर होते. मशिदीच्या पेशइमामापासून कोपऱ्यावरच्या इस्टेट एजंटापर्यंत सगळे त्यात मत देतात. पण घर विकण्यापूर्वी ते रिकामे करावे लागते, आणि रिकामे करताना हाताला लागणारी प्रत्येक वस्तू मय्यतीचीच असते असे नाही, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पोटमाळ्यावर, पलंगाखाली, भिंतीतल्या फडताळात दुसऱ्यांच्याही वस्तू असतात. कोणी ठेवायला दिलेल्या, कोणी विसरलेल्या, कोणी परत येतो म्हणून सोडून गेलेल्या. त्यांचे काय करायचे? वरवर पाहता हा प्रश्न भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर सुटण्यासारखा आहे. आम्हाला तो तसा वाटत नाही. बापाकडून आपल्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हा वारशाचा मूळ प्रश्नच त्यात दडलेला आहे.

आमच्यापुढे हा प्रश्न ट्रॉम्बेत उभा राहिला, म्हणून आधी त्या जागेविषयी. मानखुर्द स्टेशनवरून ट्रॉम्बेच्या दिशेने निघाले की चीता कॅम्प लागतो. एका बाजूला खाडी, जवळच जुना कोळीवाडा आणि पायलीपाडा, आणि डोंगराच्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्राची हद्द. ही वस्ती आपखुशीने वसलेली नाही. केंद्राला लागून असलेल्या जनता कॉलनीत गोरगरिबांची हजारो घरे होती. केंद्राला ती जमीन हवी होती. जोकिन अर्पुथम या तरुण कार्यकर्त्याच्या पुढाकाराने रहिवाशांनी अनेक वर्षे लढा दिला, पण आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, कॉलनी उठवली गेली. लोकांना चीता कॅम्पच्या दलदलीच्या जागेत आणून टाकले. हलवल्या गेलेल्यांचा आकडा सत्तर हजारांच्या घरात सांगितला जातो. पुढे २००० साली अर्पुथम यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वस्तीत तमिळ, मलयाळी, उत्तर हिंदुस्थानी आणि घाटावरची मराठी माणसे, मुसलमान आणि इतरही, एकमेकांना लागून राहिली. एकेका खोलीवर पोटमाळा चढला. खाली संसार, वर भाडेकरू किंवा कारागीर, असा हिशोब बसला.

अशा वस्तीत घर हे नुसते घर नसते, ते आसपासच्या दहा जणांचे कोठारही असते. ज्याच्या खोलीत पाणी भरते तो आपली पेटी उंचावरच्या खोलीत ठेवतो. गावी जाणारा शेजाऱ्याकडे किल्ली देतो. आखातात जाणारा पोरगा शाळेचे दाखले ओळखीच्या माणसाकडे ठेवून जातो. हजहून आलेली म्हातारी झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेले आपले कफन सुनेच्या हाती न देता शेजारणीकडे देते. आपल्या वेळेला ते नक्की सापडावे, एवढीच तिची इच्छा. बँकेचा लॉकर ज्यांना परवडत नाही, त्यांचा लॉकर म्हणजे एखाद्या विश्वासू माणसाचा पोटमाळा. चीता कॅम्पमधले आमच्या अब्बांचे घर तसे होते.

अम्मी आधीच गेल्या होत्या. अब्बांच्या मागे आम्ही चार भावंडे, दोन भाऊ आणि दोन बहिणी. आमच्यापैकी कोणीच आता ट्रॉम्बेत राहत नाही, त्यामुळे घर विकायचे ठरले. गिऱ्हाईक मिळाले, बयाणा झाला, आणि महिनाअखेर खोली रिकामी हवी अशी अट पडली. आम्ही पोटमाळ्यावर चढलो तेव्हा अब्बांच्या सामानात तीन गोष्टी अशा निघाल्या की त्या त्यांच्या नव्हत्या. एक लाकडी देव्हारा, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, आणि त्यासोबत पितळेची चार भांडी. एक पत्र्याची पेटी आणि जरीकामाच्या अड्ड्याची लाकडे. आणि एक पायाने चालवायची शिलाई मशीन.

देव्हाऱ्याची हकीकत थोरल्या आपाला माहीत होती. गल्लीतले एक मराठी कुटुंब जानेवारी १९९३ मध्ये, दंगलीच्या दिवसांत, रातोरात गेले. जाताना देव अब्बांकडे ठेवून गेले. पेटी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या बिहारच्या जरी कारागिराची होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, काम बंद पडले, आणि मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्यावर तो गावी गेला, तो परतला नाही. शिलाई मशीन कोणाची हे सांगायला लांब जायची गरज नव्हती. ती धाकट्या बहिणीची होती, आणि ती आमच्या शेजारीच बसली होती.

तिनेच वही मागितली आणि त्यात यादी केली. तिचे म्हणणे साधे होते. “भाईजान, हातगाडी बोलवण्याआधी लिहून काढू. लिहिलं नाही तर संध्याकाळपर्यंत सगळंच आपलं होऊन जाईल.”

तिचे हे वाक्य आम्हाला महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याची वस्तू गिळंकृत करण्यासाठी माणसाची नियत वाईटच असावी लागते असे नाही. नुसती घाई पुरते. घर आपले, म्हणून घरातले आपले, हा समज मनात इतका सहज बसतो की तो समज आहे हेही कळत नाही. शिवाय घाईला कारणे असतात आणि ती खोटी नसतात. गिऱ्हाईक थांबत नाही. मुंबईत एक पेटी ठेवायची तरी जागेला भाडे पडते. तीस वर्षांत ज्याने चौकशी केली नाही त्याला त्या भांड्यांची काय गरज असणार? आणि या गोष्टींना बाजारात किंमत तरी किती? असा विचार करणारा वारस चोर नसतो. तो थकलेला, गरजेला आलेला माणूस असतो. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करायला हवा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १६२ प्रमाणे मोबदला न घेता ठेवलेली ठेव देणारा किंवा ठेवून घेणारा मेला की ठेवीचा करार संपतो. पण करार संपला म्हणजे वस्तूची मालकी वारसांकडे येत नाही. वस्तू परत करण्याची वेळ येते, एवढाच त्याचा अर्थ. कलम ७१ म्हणते की दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६९ अशी वस्तू विकायची मुभा देते, पण केव्हा? वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडत नसेल किंवा कायदेशीर खर्च द्यायला तो नकार देत असेल तरच, आणि तेव्हाही वस्तू नासण्याच्या बेतात असेल किंवा तिच्या किमतीच्या दोनतृतीयांश इतका खर्च तिच्यावर झाला असेल तर. म्हणजे कायद्यालासुद्धा वारसाची अडचण कळते. मात्र अडचण सांगण्याआधी त्याने शोध घेतलेला असावा, एवढी अपेक्षा तो ठेवतो.

आपल्या फिक्हमध्ये याहून बारीक विचार झालेला आहे. मय्यतीच्या मालातून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसियत, आणि त्यानंतर उरेल तो तरका वारसांचा, हा क्रम आपल्याला पाठ असतो. पण या क्रमाच्याही आधी एक पायरी आहे. तरका म्हणजे मय्यतीच्या मालकीचे जे असेल ते. अमानत म्हणून ठेवलेली वस्तू तरक्यात धरलीच जात नाही. ती वाटता येत नाही, विकता येत नाही, वारसांनी एकमताने ठरवले तरीही नाही. हनफी फकीहांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ठेव सांभाळणारा माणूस ती कोणती आणि कोणाची हे न सांगता मेला आणि ती ओळखता आली नाही, तर तिची किंमत त्याच्या मालमत्तेवर कर्ज म्हणून चढते. आपण ज्याला साधा विसराळूपणा समजतो, तो मय्यतीच्या खात्यावर देणे म्हणून नोंदला जातो. सापडलेल्या वस्तूचा, म्हणजे लुकत्याचा, नियमही असाच. वस्तूची खूण लक्षात ठेवायची, वर्षभर पुकारा करायचा, आणि त्यानंतरही मालक आला तर त्याचा हक्क मान्य करायचा. हनफी मताप्रमाणे मालक न सापडल्यास वस्तू त्याच्या नावाने सदका करता येते, पण तो परतला आणि त्याला ते मंजूर नसेल तर भरपाई द्यावी लागते.

या नियमांमागे एक भेद आहे, तो आपल्या धर्मविचाराचा कणा आहे: हक्कुल्लाह आणि हक्कुल इबाद. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा करता येते, अल्लाह माफ करणारा आहे. पण बंद्याचा हक्क मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. रात्रभर नफल पढूनही शेजाऱ्याच्या चार भांड्यांचा हिशोब मिटत नाही. आणि तो शेजारी कोठे आहे हेच ठाऊक नसेल, तर माफी मागायची कोणाकडे? हरवलेल्या माणसाचा हक्क इतका अवघड यासाठीच असतो.

मालक कोण, याने या जबाबदारीत फरक पडतो का? इ.स. ६२२ मधला हिजरतीचा प्रसंग याचे उत्तर देतो. मक्केतले लोक प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचा छळ करत होते, त्यांच्या जिवावर उठले होते, आणि तरीही आपल्या मौल्यवान वस्तू ठेवायला त्यांच्याकडेच येत होते. हिजरतीच्या रात्री प्रेषितांनी हजरत अलींना मागे ठेवले, ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. अली काही दिवस थांबले, ठेवी पोचत्या केल्या आणि मग मदीनेकडे निघाले. ज्यांच्यामुळे घर सोडावे लागत होते त्यांचा माल बरोबर नेला असता, तर त्याला नुकसानभरपाई म्हणणारे पुष्कळ निघाले असते. प्रेषितांनी तसे केले नाही. जानेवारी १९९३ नंतर आपल्या समाजातल्या अनेकांच्या मनात कडवटपणा राहिला, त्याला कारणेही होती. पण दंगलीत जीव घेऊन गेलेल्या शेजाऱ्याचा देव्हारा आमच्या पोटमाळ्यावर तीस वर्षे सुरक्षित राहिला, तो या शिकवणीमुळे. अब्बांनी त्याच्यावर प्रवचन दिले नाही. दर पावसाळ्यापूर्वी ते त्याच्यावरचे लुगडे झटकून पुन्हा बांधत, एवढेच आपाला आठवते.

वारसांपुढचा प्रश्न मात्र ठेव घेणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. अब्बांनी शब्द दिला होता, आम्ही दिलेला नव्हता. दुसऱ्याने दिलेल्या शब्दाने आपण कुठवर बांधलेले असतो? सहीह बुखारीत हजरत झुबैर इब्न अव्वाम यांच्या वारशाची हकीकत आहे, ती या जागी फार उपयोगी पडते. झुबैर इ.स. ६५६ मध्ये जमलच्या लढाईत मारले गेले. लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला येत, तेव्हा ते म्हणत की ठेव म्हणून नको, कर्ज म्हणून दे. कारण ठेव हरवली तर जबाबदारी राहत नाही, कर्ज मात्र फेडावेच लागते. अशा रीतीने त्यांच्यावर बावीस लाखांचे देणे झाले. रोकड जवळजवळ नव्हती, जमिनी आणि घरे होती. मुलगा अब्दुल्लाह याने मदीनेजवळची गाबा येथली जमीन विकून देणी फेडली. मग इतर वारस म्हणाले, आता आमचा वारसा वाटून दे. अब्दुल्लाहने नकार दिला. चार वर्षे हजच्या मोसमात तो पुकारा करत राहिला की झुबैरवर ज्याचे देणे असेल त्याने आमच्याकडे यावे. चार वर्षांनंतरच त्याने वाटणी केली.

या हकीकतीतल्या दोन गोष्टी आम्हाला मोलाच्या वाटतात. एक म्हणजे पुकाऱ्याची जागा. अब्दुल्लाहने आपल्या अंगणात पुकारा केला नाही. जिथे चहूकडची माणसे जमतात तिथे जाऊन केला. शोध घ्यायचा तर दूर गेलेल्या माणसाच्या कानावर पडेल असा घ्यायचा. दुसरी म्हणजे मुदत. चार वर्षांनी त्याने वाटणी केली, ती जन्मभर अडवून ठेवली नाही. वारसांचाही हक्क असतो आणि त्यांचीही गरज असते, हे त्याने मान्य केले. गैरहजर माणसासाठी थांबायचे, पण थांबण्याला अंत ठेवायचा, हा समतोल त्यात आहे.

येथे मुख्य मुद्द्यावर यायला हवे. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात असते याचा अर्थ तो दुसरा तिथे हजर नसतो. आणि हजर नसणे म्हणजे हक्क सोडणे, असे मानायची सवय माणसाला फार लवकर लागते. ही सवय केवळ वारसांची नाही, सरकारांचीही आहे. फाळणीनंतर १९५० मध्ये आपल्या देशात निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा झाला. घर सोडून गेलेल्या मुसलमानांची मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि घरातला एक जण गेला म्हणून इथेच राहिलेल्या नातेवाइकांनाही कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. तो कायदा २००५ साली रद्द झाला. पण १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा कायम आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारताचे नागरिक असलेल्या वारसांनाही अशा मालमत्तेवर हक्क सांगता येत नाही. १९५० मध्येच इस्रायलनेही गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा केला आणि पॅलेस्टिनींची घरे व जमिनी त्याखाली गेल्या. आपल्या मराठवाड्यात १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर तेव्हाच्या उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांतली मुसलमान कुटुंबे गावे सोडून पळाली. त्यांची घरे-जमिनी इतरांनी बळकावल्याची नोंद सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे.

या साऱ्या प्रसंगी आपण काय म्हणतो? आपण म्हणतो की माणूस भीतीने गेला, पोटासाठी गेला, त्याने घर टाकून दिले नव्हते. हे म्हणणे खरे आहे. मग तेच माप आपल्या पोटमाळ्यालाही लावायला हवे. १९९३ मध्ये गेलेला शेजारी भीतीने गेला होता. २०२० मध्ये गेलेला कारागीर उपासमारीने गेला होता. सत्तेने आपल्याला गैरहजर ठरवले तर तो अन्याय, आणि आपण एखाद्या गरिबाला गैरहजर ठरवले तर तो व्यवहार, अशी दोन मापे ठेवता येत नाहीत. चीता कॅम्पच्या माणसाला तर हे अधिक कळायला हवे. १९७६ मध्ये आपल्या संसाराची गाठोडी दुसऱ्याने ठरवलेल्या दिवशी, दुसऱ्याने ठरवलेल्या जागी नेली गेल्याची आठवण या वस्तीच्या जुन्या लोकांत अजून आहे.

आता त्या पत्र्याच्या पेटीकडे वळू. पेटीला कुलूप नव्हते. मालकाचा पत्ता मिळावा म्हणून दोघांना साक्षी ठेवून ती उघडली. आत कपडे, सुया, जरीची रिळे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद: शाळा सोडल्याचा दाखला, मतदार ओळखपत्र, एका पतपेढीचे पासबुक. अड्ड्याच्या लाकडाला भंगारात काही किंमत होती, कागदांना काहीच नव्हती. पण मुंबईच्या वस्तीत राहिलेल्या माणसाला कागद म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. जानेवारी १९७६ मध्ये झोपडपट्ट्यांची गणना झाली, फोटोपास मिळाले, आणि तेव्हापासून एकेका कागदावर माणसाचे छप्पर टांगलेले आहे. पुनर्वसनासाठी आधी १ जानेवारी १९९५ ही तारीख होती, मग १ जानेवारी २००० झाली, पुढे पैसे भरून घर घेण्यासाठी १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांचा विचार झाला. अमुक तारखेपूर्वीचे विजेचे बिल सापडले तर घर, नाही तर रस्ता. आणि २०१९ च्या अखेरीस नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली, तेव्हा आपल्याच समाजात आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यासाठी किती पेट्या उपसल्या गेल्या हे सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की वस्तूच्या बाजारभावावरून तिच्या बाबतीतली जबाबदारी ठरत नाही. मालकाच्या दृष्टीने तिच्यावाचून काय अडेल, यावरून ती ठरते. भंगारवाला ज्याला रद्दी म्हणतो तो एखाद्याचा या देशात राहण्याचा पुरावा असू शकतो. अड्ड्याची लाकडे काही काळ थांबून विकता येतील आणि किंमत नोंदवून ठेवता येईल. कागद विकता येत नाहीत, फेकता येत नाहीत, आणि त्यांना वर्षाची मुदतही लावता येत नाही. सुदैवाने ते जागा अडवत नाहीत.

राहिली शिलाई मशीन. यादीत तिच्यासमोर धाकट्या बहिणीने स्वतःचे नाव लिहिले आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: “घराचा सहावा हिस्सा.” मग म्हणाली, “मशीन मी नेईनच. पण दुसऱ्याचं असलेलं सगळं लिहायचं ठरलंय, तर हेही लिहू.” थोरली आपा हसली आणि तिने खाली आपलाही सहावा हिस्सा लिहायला लावला. दोन भावांचे दोन-दोन आणि दोन बहिणींचा एकेक, असे सहा भाग. हिशोबात वाद घालण्यासारखे काही नव्हते.

वाद नसतो तिथेच आपल्या समाजात गोंधळ होतो. १९३७ च्या शरियत कायद्याने, शेतजमीन वगळून, मुलीच्या वारशाच्या आड येणारी रूढी दूर केली. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असणे आजच्या काळात न्याय्य आहे काय, यावर आपल्याकडे मतभेद आहेत आणि ती चर्चा व्हायला हवी. पण तो निम्माही प्रत्यक्षात किती बहिणींच्या हाती पडतो? लग्नात खर्च झाला, माहेर तुटेल, भावाची परिस्थिती बेताची आहे, अशा कारणांनी हक्कसोडपत्र पुढे केले जाते आणि बहीण अंगठा किंवा सही करून देते. फिक्हमध्ये वारसाने मोबदला घेऊन हिस्सा सोडण्याला तखारुज म्हणतात, ते वैध आहे. परंतु घराचा भाव माहीत नसताना, आईबापांच्या मौतीच्या दुःखात, चार भावांच्या नजरेसमोर केलेली सही ही रजामंदी म्हणता येईल का? बहीणही एक गैरहजर मालकच असते. तिला आपणच लग्न करून सासरी पाठवलेले असते, आणि मग ती या घरात राहत नाही हेच तिच्याविरुद्धचे कारण बनते.

तलाक झालेल्या सुनेची गोष्ट याहून वेगळी नाही. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याचे कलम ३ सांगते की लग्नाच्या आधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेल्या साऱ्या वस्तू तिच्या आहेत. तरी तिचे कपाट आणि भांडी सासरच्या घरात वर्षानुवर्षे वापरली जातात आणि घर विकताना त्याच घरच्या सामानात मोजली जातात. देव्हारा परत करायला निघालेल्या माणसाने तेवढाच विचार या कपाटाचाही करायला हवा. परक्याची अमानत सांभाळण्यात इज्जत मिळते. घरातल्या बाईची अमानत सांभाळण्यात ती मिळत नाही, म्हणून खरी परीक्षा तिथे असते.

यावर एक आक्षेप येईल. प्रत्येक जण असा शोध घेत बसला तर घरे विकलीच जाणार नाहीत. आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच मुदत हवी. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार कायदा दुसऱ्या बाजूवर टाकतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होते, २०२३ च्या नव्या कायद्यात ते १११ आहे. सापडलेल्या वस्तूला शरियतीने एक वर्ष सांगितले आहे. आमच्या मते घर विकण्याला या मुदतींची आडकाठी नाही. घर विका, पण वस्तू घरासोबत विकू नका. त्या दुसऱ्या जागी हलवा, यादी करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि कोठे हलवल्या हे शेजाऱ्यांना, मशिदीच्या ट्रस्टींना, नव्या मालकालाही सांगून ठेवा. मालक परत आला तर तो जुन्या दारावरच येणार. दार उघडणाऱ्याला उत्तर देता आले पाहिजे.

आम्ही तसेच केले. देव्हारा नेलेल्या कुटुंबाचा पत्ता गल्लीतल्या एका जुन्या किराणा दुकानदाराकडून लागला. ते पनवेलकडे राहतात. म्हातारे गेले होते, मुलगा आला. त्याने भांडी मोजली नाहीत. लुगड्याची गाठ सोडून आत पाहिले, पुन्हा बांधली, आणि तुमचे वडील कधी गेले एवढे विचारले. कारागिराच्या मतदार ओळखपत्रावरच्या पत्त्यावर दोन पत्रे टाकली, उत्तर आलेले नाही. त्याचे कागद थोरल्या भावाच्या कपाटात आहेत, लाकडांचे आलेले पैसे वहीत त्याच्या नावावर लिहिलेले आहेत. घराच्या किमतीचे सहा भाग झाले आणि बहिणींचे भाग त्यांच्या खात्यात जमा झाले. यात मोठेपणा काही नाही. यापेक्षा कमी केले असते तर ते देणे अब्बांच्या खात्यावर चढले असते.

आपल्याकडे जनाजा उचलण्याआधी मय्यतीचा मुलगा किंवा भाऊ पुढे येतो आणि जमलेल्या लोकांना सांगतो की मय्यतीकडे कोणाचे काही देणे निघत असेल तर आम्हाला भेटा. दोन वाक्यांचा हा एलान आहे. तो ऐकून बहुधा कोणी पुढे येत नाही, कारण ती वेळ मागण्याची नसते. आणि ज्याचे खरोखर देणे असते तो अनेकदा त्या गर्दीत नसतोच. तो दरभंग्याला असतो, पनवेलला असतो, सासरी असतो. हाच एलान आपण घर विकताना पुन्हा करण्याची रीत का पाडू नये? जुम्याच्या नमाजेनंतर मशिदीत, गल्लीच्या फळ्यावर, गावच्या पत्त्यावर, आणि आता हातातल्या फोनवरूनही तो करता येतो: अमुक यांचे घर आम्ही वारस विकत आहोत, या घरात कोणाची अमानत असेल, कोणाचा हिस्सा असेल, तर त्याने अमुक तारखेपर्यंत यावे, आणि नंतर आला तरी आम्हाला विचारावे. असा एलान कानावर पडल्याशिवाय बयाणा घ्यायचा नाही, एवढे चार मोहल्ल्यांनी ठरवले, तरी पुष्कळ बहिणींचे हिस्से आणि पुष्कळ गरिबांच्या पेट्या वाचतील.